पाचजणींचा मोसम

ऑक्टोबर अर्धा सरला की कुवेतमधल्या आमच्या फहाहीलमध्ये एक संध्याकाळ अशी येते, की मी उठते आणि एसी बंद करते. एप्रिलपासून चाललेली ती घरघर थांबते. आधी कान बधिर झाल्यासारखे वाटतात. मग एकेक आवाज आत यायला लागतो. खालच्या बकाल्याचं, म्हणजे किराणा दुकानाचं शटर, शेजारच्या फ्लॅटमधली कुकरची शिट्टी, मशिदीतला पंखा, आणि या सगळ्यांच्या मागे समुद्र. खिडकी उघडली की वाऱ्याला मिठाचा वास असतो आणि मीना अल-अहमदीच्या रिफायनरीकडून आलेला तेलाचा एक पुसट वास. नव्या माणसाला तो खुपतो. आम्हाला तो घरचाच वाटतो.

यंदा ती संध्याकाळ काल आली. खिडकी उघडून मी कट्ट्याला टेकून उभी राहिले आणि मनात आलं, केतकीच्या शर्यती सुरू झाल्या असतील. केतकी आता धावत नाही. ती अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट आहे, दुसऱ्यांचे गुडघे सांभाळते. तरी ऑक्टोबरातला वारा लागला की माझ्या मनात तिच्या शर्यतीच सुरू होतात, आणि त्यातही तिचा शेवटचा मोसम. बाकीचे सगळे एकमेकांत मिसळून गेलेत. तो तेवढा वेगळा उभा आहे.

केतकी आमची एकुलती एक. जन्म नाशिकचा, पण वाढली इथेच. इराकी सैन्य इथून गेल्यावर आम्ही परत आलो तेव्हा ती शाळेच्या खालच्या वर्गात होती. आकाश काळं होतं, तेलाच्या विहिरी जळत होत्या, आणि तिला घरात कोंडून ठेवावं लागायचं. धूर निवळल्यावर सुधीर तिला पहाटे समुद्राकाठी न्यायला लागला. सुधीर म्हणजे माझा नवरा, रिफायनरीत इंजिनियर. तो चालायचा आणि ती त्याच्याभोवती धावायची, पुढे जायची, परत यायची. एवढे दिवस कोंडलेलं सगळं तिच्या पायांतून बाहेर पडत असावं. पुढे तीच सवय झाली.

शाळेत खेळाचे शिक्षक थॉमस सर होते. कोट्टायमचे, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटातले, फार कमी बोलणारे. त्यांचा चुलतभाऊ अमेरिकेतल्या एका लहानशा ख्रिस्ती विद्यापीठात शिकला होता. केतकी बारावीत असताना ते एकदा घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "शी रन्स लाँग, सर. हंड्रेड मीटर तिचं काम नाही. तिकडे मैलोगणती शेतातून धावतात. तिकडे पाठवा."

अशी ती गेली. मक्याच्या शेतांमधलं गाव, एक चॅपल, विटांच्या चार-पाच इमारती. आठवड्यातून तीनदा प्रार्थनेला बसणं सगळ्यांना सक्तीचं. नाशिकच्या माझ्या नणंदेने फोनवर दोनदा विचारलं, "बाटवणार तर नाहीत ना गं पोरीला?" केतकीला मी ते सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "आई, शर्यतीच्या आधी सगळ्याजणी गोल करून प्रेअर करतात. मी पण डोळे मिटते. मला तेव्हा आपला समुद्र दिसतो. कोच हॅनाला सांगितलं मी. ती म्हणाली, दॅट विल डू." कोच हॅना म्हणजे तिची प्रशिक्षक. शेतकऱ्याची मुलगी, चाळिशीची, मोठ्या आवाजाची. त्या चार वर्षांत आमच्या घरात तिचं नाव रोजच्या माणसासारखं निघायचं.

ते शब्द मी पहिल्यांदा ऐकले तिच्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटी. कॉन्फरन्स आणि असोसिएशन. त्या वर्षी मार्चमध्ये शेजारच्या इराकमध्ये युद्ध झालं होतं. आम्ही या खोलीच्या खिडक्यांना प्लास्टिक लावून चिकटपट्ट्या मारल्या होत्या आणि भोंगा वाजला की इथे येऊन बसायचो. केतकी तिकडून रोज फोन करायची. युद्धाचं बोलून झालं की मी मुद्दाम तिच्या कॉलेजचं विचारायची. एक दिवस ती म्हणाली, "आमची कॉन्फरन्स तुटली."

मला वाटलं कसली तरी सभा रद्द झाली. म्हटलं, "मग पुन्हा कधी आहे?"

"आई, कॉन्फरन्स म्हणजे मीटिंग नाही गं."

मग तिने समजावलं. असोसिएशन म्हणजे देशभरातल्या कॉलेजांची खेळांची मोठी संघटना. तिचे नियम, तिची राष्ट्रीय स्पर्धा. आणि कॉन्फरन्स म्हणजे आसपासच्या कॉलेजांचा गट, जे वर्षभर आपसात खेळतात. तिचं विद्यापीठ आजवर लहान कॉलेजांच्या संघटनेत होतं. आता वरच्या लोकांनी ठरवलं होतं की मोठ्या संघटनेत जायचं. विद्यार्थी कमी होत चालले होते. मोठ्या संघटनेत नाव आलं तर मुलं येतील, कॉलेज टिकेल, असा हिशेब. पण मोठी संघटना एकदम आत घेत नाही. काही वर्षं उमेदवारीची. त्या वर्षांत सगळे नियम पाळून दाखवायचे, आणि राष्ट्रीय स्पर्धेत मात्र उतरायचं नाही. जुन्या गटाने ही बातमी ऐकली आणि म्हटलं, जायचंय ना, मग आत्ताच जा. नव्या गटाने म्हटलं, आधी उमेदवारी नीट चालू द्या, मग बघू.

"म्हणजे तुम्ही कुणाचेच नाही?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पुढचं पूर्ण वर्ष."

पुढचं वर्ष तिचं शेवटचं होतं. त्याच्या आदल्याच मोसमात ती राष्ट्रीय स्पर्धेत जाता जाता थोडक्यात राहिली होती.

उन्हाळ्यात ती घरी आली. जुलैत कुवेतला येणं म्हणजे भट्टीत येणं, पण तिला तेवढीच सुट्टी असायची. सूर्य वर यायच्या आत ती समुद्राकाठी धावून यायची आणि दारातच फरशीवर आडवी व्हायची, घामाचा पुतळा झालेली. एक दिवस ती अशीच पडलेली असताना फोन आला. दुसऱ्या एका मोठ्या विद्यापीठाचा प्रशिक्षक होता. तिकडे तिला जागा द्यायला ते तयार होते. तिथून ती राष्ट्रीय स्पर्धेत जाऊ शकली असती.

जेवताना सुधीर म्हणाला, "यात विचार करण्यासारखं काय आहे? जा."

केतकी वरणभात कालवत बसली. मग म्हणाली, "बाबा, आमच्या टीममध्ये आता पाचजणीच आहेत. बाकीच्या बातमी ऐकून गेल्या. टीम म्हणून मोजायला पाच लागतात. मी गेले तर चारच उरतात."

"मग त्यांनी शोधावी पाचवी."

"पाचवीच तर शोधून आणलीय. बेका. ती चॅपलमध्ये पियानो वाजवते. तिने आयुष्यात कधी शर्यत धावलेली नाही. सहावी कुठून आणणार?"

"तो त्यांचा प्रश्न आहे, केतू."

"नुसता आमच्या टीमचा प्रश्न नाहीये. मोठ्या संघटनेत जायला कॉलेजकडे ठरावीक खेळ असावे लागतात. आमच्याकडे बरोबर तेवढेच आहेत. त्यातला आमचा एक गळला तर मेंबरशिप गेली. जुन्यातूनही बाहेर, नव्यातही नाही. तिथे सॉकरवाले आहेत, बास्केटबॉलवाले आहेत, सगळेच अडकतील."

सुधीरने ताट बाजूला सारलं. तो चिडला की आवाज चढवत नाही, उलट हळू बोलतो. "पहाटे पहाटे तुला मी समुद्रावर न्यायचो ते कुणाच्या मेंबरशिपसाठी नाही. तू धावावीस म्हणून. एकच वर्ष उरलंय तुझं."

"आय नो, बाबा," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं की ती इंग्रजीत जाते. "आय नो दॅट. बट दे आर माय टीम."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला दोघांचंही पटत होतं. तिच्या पायात काय आहे हे सुधीर मला वर्षानुवर्षं सांगत आला होता. आणि ज्या मुलींनी तिला थंडीत आपले स्वेटर घातले, थँक्सगिव्हिंगच्या सणाला आपल्या घरी नेलं, त्यांना टाकून ती जाईल असं मला मुळातच वाटत नव्हतं. मी म्हटलं, "तिचं तिला ठरवू दे." सुधीर उठून हात धुवायला गेला.

तिने दोन दिवसांनी त्या मोठ्या विद्यापीठाला नाही म्हणून कळवलं. सुधीर एवढंच म्हणाला, "ठीक आहे." विमानतळावर सोडताना त्याने तिला जवळ घेतलं, सामान चढवून दिलं, पण शर्यतींविषयी काही विचारलं नाही. एरवी तो गाडीत सगळा मोसम आखून द्यायचा.

सप्टेंबर इथला दमट. भिंतींना ओल सुटते, चष्मा सारखा धुरकट होतो. शेजारचे इब्राहिमभाई सांगतात की पहाटे दक्षिणेला सुहैल तारा दिसला की उन्हाळ्याची पकड सुटते. इथले अरब त्याची वाट बघतात. आपल्याकडे तोच अगस्ती. इब्राहिमभाई मूळचे रत्नागिरीकडचे, फहाहीलच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. त्यांची बायको नफीसाभाभी माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. केतकीचं सगळं तिला मी सांगायची. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "पण वहिनी, धावून मग पोचायचं कुठं?" तिच्या बोलण्यात चेष्टा नसायची. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं. मला दर वेळी वेगळं उत्तर सुचायचं आणि कुठलंच पुरायचं नाही.

तेव्हा इथली सुट्टी गुरुवार-शुक्रवार. शनिवार कामाचा. केतकीच्या शर्यती शनिवारी सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी. सुधीर कामावरून यायचा, आंघोळ करायचा आणि पेपर घेऊन बसायचा. फोन मीच घ्यायची. तो टीव्हीचा आवाज बारीक करायचा, पेपरचं पान उलटायचा नाही, पण उठायचाही नाही. मी ठेवला की विचारायचा, "बरी आहे ना?" मी म्हणायची, "बरी आहे." कितवी आली ते मी सांगायची नाही, कारण त्याने विचारलेलं नसायचं.

आणि कितवी आली हा प्रश्नच त्या वर्षी राहिला नव्हता. त्यांना कुणाचा गट नव्हता, म्हणून जिथे कुणी पाहुणे म्हणून बोलावेल तिथे त्या जायच्या. व्हॅनमध्ये सहाजणी, पाच मुली आणि कोच हॅना. उमेदवारीच्या नियमाप्रमाणे ठरावीक शर्यती पाचही जणींनी पूर्ण करायच्या होत्या. चौघी पोचल्या आणि पाचवी नाही, तर ती शर्यत धरली जात नसे. आणि पाचवी म्हणजे बेका.

बेकाबद्दल मी त्या दोन महिन्यांत एवढं ऐकलं की मला ती समोर दिसायची. लाल केसांची, थोडी स्थूल, धावताना हात छातीशी धरणारी. पहिल्या शर्यतीत ती सगळ्यात शेवटी आली. दुसऱ्यातही. केतकी सांगायची, "आई, आम्ही पोचतो, पाणी पितो, मग उभ्या राहतो. मग खूप वेळाने ती दिसते. एकदा तर लोक तंबू काढायला लागले होते."

ऑक्टोबरात एका शर्यतीत पाऊस झाला, चिखल झाला आणि बेका अर्ध्यातून बाहेर आली. तिचा घोटा दुखावला होता. ती शर्यत गेली. पुढची वादळामुळे रद्दच झाली. आता एकच उरली होती. ती पूर्ण झाली तर वर्ष धरलं जाणार होतं.

ती शेवटची शर्यत नव्या गटाची होती, ज्यांनी अजून यांना आत घेतलं नव्हतं. त्यांनी पाहुणे म्हणून बोलावलं. धावा, पण निकालात तुमची नावं येणार नाहीत. केतकीने हे मला सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा सुधीरला आपणहून सांगितलं. त्याने हातातल्या पेपरची घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "निकालात नाव नाही, तर कशाच्या जोरावर धावायचं माणसाने?" त्याचा राग कधीच गेला होता. मला वाटतं त्याला आता फक्त तिच्यासाठी वाईट वाटत होतं.

त्या वर्षी रमजान ऑक्टोबरअखेरीपासून होता. शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी रोजा सुटल्यावर नफीसाभाभी ताट घेऊन आली. खजूर, भजी, शेवयांची खीर. मागून इब्राहिमभाई आले, नमाज आटपून. मी त्यांना सांगितलं होतं की आज शेवटची आहे. चौघं फोनभोवती बसलो. खिडकी उघडी होती. तेव्हाही नुकताच एसी बंद केला होता आणि रस्त्यावरची सगळी गजबज वर येत होती, रमजानातली, खाऊन तृप्त झालेली.

फोन वाजला. मी उठायच्या आधी सुधीर उठला. त्या मोसमात पहिल्यांदाच त्याने फोन घेतला.

"केतू? बाबा बोलतोय."

मग त्याने स्पीकरचं बटण दाबलं. पलीकडे वारा होता आणि कुणाच्या तरी टाळ्या. केतकीला धाप लागलेली.

"बाबा? कोच हॅनाच्या मोबाइलवरून करतेय. आम्ही पोचलो. मी, आणि बाकीच्या तिघी."

"तू कितवी?"

"तिसरी आले लाइनवर. पण ते मोजत नाहीत. तिसरी, बाबा. त्यांच्या सगळ्यांत."

सुधीरने डोळे मिटले. "शाब्बास," तो म्हणाला, अगदी हळू. मग म्हणाला, "आणि ती? पियानोवाली?"

"अजून आली नाहीये."

"घोटा कसा आहे तिचा?"

"बांधलाय. पण शेवटी एक टेकडी आहे. ती टेकडी चढली की मग सरळ खालीच आहे."

आम्ही वाट बघत राहिलो. नफीसाभाभीने खिरीची वाटी हातात घेतली होती, ती तशीच धरून बसली. पलीकडून मुलींचे आवाज येत होते, कुणी नाव घेऊन हाक मारत होतं. इब्राहिमभाई पुढे झुकून म्हणाले, "दिसली काय?"

सुधीरने विचारलं, "दिसली?"

"नाही. लोक चाललेत आता. तिथला एक माणूस दोऱ्या गुंडाळतोय. कोच हॅना त्याच्याशी बोलायला गेली." मग अचानक तिचा आवाज बदलला. "थांब. आली. टेकडीवर दिसतेय."

"चालतेय का धावतेय?"

"धावतेय." मागून कुणीतरी बेकाचं नाव घेऊन ओरडलं. "म्हणजे लंगडतेय. पण धावतेय, बाबा."

सुधीर आमच्याकडे वळून म्हणाला, "धावतेय," जणू आम्हाला ऐकू आलं नव्हतं.

मग फोन केतकीच्या हातात राहिला नसावा, किंवा ओरडताना ती विसरून गेली असावी की हातात फोन आहे. नुसता गलका ऐकू येत होता. चार मुलींचा गलका एका मोकळ्या शेतात केवढा होतो, तो इथे फहाहीलच्या एका खोलीत भरून राहिला. नफीसाभाभीचे ओठ हलत होते. तिने कुणासाठी दुआ मागितली ते मी विचारलं नाही. माझेही हात जोडलेलेच होते.

"पोचली," केतकी म्हणाली. ती रडत होती. "ती पोचली."

सुधीर फोनवर वाकला. "आधी पाणी दे तिला," तो म्हणाला. "आणि बसू देऊ नका. थोडं चालवा. एकदम बसली की पाय धरतात. ऐकतेस ना?"

"हो, बाबा."

"आणि तूही पी."

फोन ठेवल्यावर इब्राहिमभाईंनी एक खजूर उचलून सुधीरच्या हातावर ठेवला आणि आम्ही सगळे जेवायला बसलो. सुधीर त्या रात्री केतकीच्या लहानपणाचं बरंच काही बोलला. नफीसाभाभी जाताना दारात थांबून म्हणाली, "पोरगी चांगली आहे हो तुमची." मग जरा विचार करून म्हणाली, "ती दुसरीसुद्धा."

कधीकधी वाटतं, केतकी त्या मोठ्या विद्यापीठात गेली असती तर काय झालं असतं? कदाचित राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या दहांत आली असती. सुधीरने फोटो दिवाणखान्यात लावला असता. मी हे एकदा तिला विचारलं. ती रागावली नाही, तिने खरंच विचार केला. म्हणाली, "मला माहीत नाही, आई. मला ते हवं होतं. अजूनही टीव्हीवर कुणी धावताना बघितलं की पाय खुर्चीखाली हलायला लागतात." मग म्हणाली, "पण बेकाच्या लग्नात मी तिच्या शेजारी उभी होते ना." या दोन गोष्टी तिने एकमेकींसमोर तोलल्या नाहीत. नुसत्या शेजारी ठेवल्या. मला तिचं ते आवडलं.

विद्यापीठाला पूर्ण सभासदत्व मिळालं ते पुढे काही वर्षांनी. केतकी तेव्हा पदवी घेऊन बाहेर पडली होती. नव्या गटानेही आत घेतलं. त्यानंतरच्या मोसमात त्यांच्या मुली राष्ट्रीय स्पर्धेत धावल्या. त्यातली एकही केतकीला ओळखत नव्हती. कोच हॅनाने तिला फोन करून बातमी दिली, केतकीने आम्हाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीरने फहाहीलच्या बाजारातून पेढे घेतले आणि रिफायनरीत नेले. तो असं कधी करत नाही. माझ्या वाढदिवसाचीही त्याला आठवण करून द्यावी लागते. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा खोका रिकामा होता.

"काय म्हणाले सगळे?" मी विचारलं.

"अबू खालिदने विचारलं, मुलीचं लग्न ठरलं का." अबू खालिद त्याचा कुवेती साहेब, जाडजूड, हसरा माणूस. "म्हटलं नाही. मग म्हणाला, प्रमोशन? म्हटलं नाही. मुलीच्या जुन्या कॉलेजला एका संघटनेचं सभासदत्व मिळालंय. त्याने पेढा तोंडात घातला आणि माझ्याकडे बघतच राहिला."

"मग?"

"मग बसवलं त्याला आणि पहिल्यापासून सांगितलं. कॉन्फरन्स, असोसिएशन, उमेदवारी. त्याला त्यातलं काही कळलं नाही." सुधीर बूट काढत होता. एक काढून झाला आणि दुसऱ्याची नाडी सोडता सोडता तो थांबला. "चहा गार झाला त्याचा, तरी ऐकत होता. सगळं झाल्यावर मला म्हणाला, ते सगळं राहू दे. ती शेवटची मुलगी, पाय दुखावलेली, ती पोचली की नाही तेवढं सांग."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, पोचली."